झिजलेलं नाणं काय सांगतं? एक व्हायरल दावा आणि कोसंबींचं एक संशोधन, दोन्ही एकाच तराजूत

मागच्या दिवाळीच्या आधी गावाकडून काकांचा फोन आला. म्हणाले, "तू सायन्सवाली आहेस, जरा सांग. आजीच्या गाठोड्यात ते चारमिनारवाले रुपये आहेत ना, त्यातल्या एकेकाचे दोन-दोन लाख येतात म्हणे. अकरा आहेत. बोअर मारून मोटर बसवून वर काही उरेल." त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. समोरच्या माणसाने 'नोंदणी फी' म्हणून २,१०० रुपये मागितले होते आणि काकांनी ते पाठवूनही टाकले होते.

ते पैसे गेले, त्यावर आता बोलून उपयोग नाही. पण त्या फोनमुळे मी दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या. एक, 'जुनी नाणी म्हणजे गुंतवणूक' हा दावा. दुसरी, दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं १९४० च्या सुमाराचं नाण्यांवरचं संशोधन. पहिला कच्चा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण नेमका कुठे कच्चा आहे ते सांगता येत नाही. दुसरं पक्कं आहे असं सगळे म्हणतात, पण ते कुठे लंगडतं ते कुणी बघत नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना दोन्ही सवयी लागतात, म्हणून हा लेख.

दाव्याकडे दावा म्हणून बघा

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तिच्या नावाने ते घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. फसवणुकीपुरतं हे पुरेसं आहे. पण समजा, व्हिडिओ टाकणारा प्रामाणिक आहे. तरी त्याचा दावा टिकतो का? चार प्रश्न विचारा.

पहिला: ही किंमत मागितलेली आहे की मिळालेली? वेबसाइटवर कुणीही पाच रुपयांच्या नाण्यापुढे पाच लाख लिहू शकतो. ती त्याची इच्छा झाली. मोजमाप व्हायला व्यवहार व्हावा लागतो.

दुसरा: छेद कुठे आहे? 'एका माणसाला एका नाण्याचे इतके मिळाले' हा अंश झाला. तशी नाणी किती पाडली, किती उरली, किती विकायला आली आणि किती न विकता परत गेली, हा छेद. माता वैष्णोदेवीची छाप असलेलं पाच रुपयांचं नाणं असल्या व्हिडिओंचं लाडकं. ते २०१२ चं आहे आणि अनेकांच्या गल्ल्यात सापडतं. गल्ल्यात सापडणारी वस्तू दुर्मिळ कशी, एवढाच प्रश्न विचारायचा.

तिसरा: तेच नाणं का? लिलावाच्या यादीत जे नाणं येतं ते कुणीतरी आधीच निवडलेलं असतं: न झिजलेलं, कमी पाडलेल्या सालचं किंवा टाकसाळीत चूक झालेलं. त्याची किंमत बघून आपल्या डब्यातल्या नाण्याची किंमत ठरवणं म्हणजे गुणवत्ता यादीतल्या मुलाचे मार्क बघून अख्ख्या शाळेची सरासरी काढणं.

चौथा: किती वर्षांत? समजा १९५० चं एक रुपयाचं नाणं २०२५ मध्ये खरोखर १,००० रुपयांना विकलं गेलं. हजारपट! ऐकून डोळे मोठे होतात. पण हजारपट म्हणजे जवळपास दहा वेळा दुप्पट (दोनाचा दहावा घात १,०२४). ७५ वर्षांत दहा वेळा, म्हणजे साडेसात वर्षांत एकदा दुप्पट. चक्रवाढीने हा दर वर्षाला साधारण साडेनऊ टक्के पडतो. वाईट नाही, पण चमत्कारही नाही. आणि हे विकल्या गेलेल्या, निवडक नाण्याचं गणित आहे. हरवलेली, वितळवलेली, कुणी न घेतलेली नाणी यात धरलेलीच नाहीत. शिवाय विकत घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव वेगळे असतात. दुकानदार जे नाणं तुम्हाला १,५०० ला देतो तेच उद्या तुमच्याकडून १,००० ला घेत असेल, तर नुसतं मुद्दल निघायला भाव दीडपट व्हावा लागेल.

यातल्या एकाही प्रश्नाला नाणकशास्त्र लागलं नाही. कुठल्याही विषयातल्या शोधनिबंधाला हेच विचारायचं असतं.

हाली आणि कलदार

आता काकांच्या रुपयांकडे येऊ. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत सापडतो तो 'हाली सिक्का'. एका बाजूला चारमिनार, आणि त्याच्या कमानीत एक छोटं उर्दू अक्षर. 'मीम' असेल तर महबूब अली खानांचा काळ, 'ऐन' असेल तर १९११ नंतरचा, उस्मान अली खानांचा. साल हिजरीत असतं. १३३७ दिसलं तर ते इ.स. १९१८-१९. ब्रिटिश हद्दीतला रुपया तो 'कलदार'. आमच्या आजीची पिढी पैसे सांगताना हाली की कलदार हे सांगायची, कारण दोन्हींची किंमत एक नव्हती.

किती फरक होता? नाण्यांच्या प्रमाणित सूचींत चांदीच्या हाली रुपयाचं वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८१८ भाग दिलेली आहे. कलदाराचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी बारात अकरा भाग. गुणाकार करा. हालीत ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी, कलदारात १०.६९ ग्रॅम. भागाकार ०.८५५. आता विनिमयाचा दर बघा. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे हालीच्या जोडीने आला तेव्हाचा दर होता सात हालीला सहा भारतीय रुपये, म्हणजे ०.८५७.

हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. चांदीने दर ठरवला! मग थोड्या वेळाने परत बसले. कारण १९५० मध्ये या रुपयांत ती चांदी राहिलीच नव्हती. कलदारातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला. चाळीसच्या दशकात हाली रुपयाचीही चांदी घटवली गेली. म्हणजे धातू बदलला, दर तसाच राहिला. दराचा उगम चांदीत असेलही, पण १९५० मध्ये त्याला तोलून धरत होती ती चांदी नव्हे, लोकांची सवय आणि सरकारचा शब्द. दोन आकडे जुळले म्हणजे कारण सापडलं असं नसतं. माझ्याकडे त्या दुपारी फक्त जुळणारे आकडे होते.

'हाली' म्हणजे सध्याचं, चालू. १९५९ नंतर तो चालूही राहिला नाही. नाणं पैसा असतं ते लोक घेतात तोवर. आजही बघा, परभणीत आमच्याच गल्लीतला एक किराणावाला दहा रुपयांचं नाणं घेत नाही. "चालत नाही ताई," एवढंच म्हणतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की तोवर काढलेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं वैध आहेत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. तरी दुकानात चालते ती अफवा. एका अफवेने खरं नाणं खोटं ठरतं आणि दुसऱ्या अफवेने साधं नाणं लाखाचं होतं.

कोसंबींनी काय केलं

संग्राहकाला झिजलेलं नाणं नको असतं. झीज जितकी जास्त तितकी किंमत कमी. कोसंबींनी उलटं केलं, झीज हीच माहिती मानली. ते मूळचे गोव्याचे, आणि त्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. नाणं हातातून हातात फिरतं, घासलं जातं, हलकं होतं. मग त्याच्या वजनावरून ते किती फिरलं हे सांगता येईल का?

इथे त्यांची शिस्त बघा. प्राचीन नाण्यांकडे जाण्याआधी त्यांनी हजारो चालू नाणी तोलली. चालू नाण्यावर साल छापलेलं असतं, म्हणजे वय माहीत. वजन मोजायचं आणि दोन्हींचं नातं बघायचं. आपण प्रयोगशाळेत उपकरणाचं अंशांकन करतो तसंच हे. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. वय वाढतं तसं सरासरी वजन जवळपास सरळ रेषेत उतरतं, आणि त्याच वेळी वजनांचा पसारा, म्हणजे प्रचरण, वाढत जातो. दुसरी गोष्ट जास्त सुंदर आहे. टाकसाळीतून निघताना सगळी नाणी सारखी असतात. पण एक सराफाच्या पेटीत पडून राहतं, दुसरं रोज आठवडी बाजार करतं. वर्षं जातात तशी त्यांची नशिबं फाकत जातात. वजनांचा पसारा म्हणजे त्या फाकण्याचं माप.

मग ते तक्षशिलेच्या चांदीच्या आहत नाण्यांकडे वळले. भीर टेकाडावर १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यात अशी हजाराहून अधिक नाणी होती, आणि सोबत अलेक्झांडरची दोन व फिलिप अऱ्हिडियसचं एक नाणं. फिलिप गादीवर आला इ.स.पू. ३२३ मध्ये, म्हणजे साठा पुरला गेला तो त्यानंतरच. या आहत नाण्यांवर ना साल, ना राजाचं नाव. पुढच्या बाजूला ठोकलेल्या चिन्हांचा संच, मागच्या बाजूला काही छोट्या खुणा. कोसंबींनी मागच्या खुणांच्या संख्येप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. खुणा वाढल्या की वजन उतरतं, तेही बरंच नियमित. त्यांचा निष्कर्ष: मागच्या खुणा म्हणजे ठरावीक कालांतराने नाण्याची तपासणी झाल्याच्या खुणा. मुक्या नाण्याला त्यांनी वय दिलं.

लिपीतज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ ज्या नाण्यांवरची चित्रं बघून वाद घालत होते तिथे एक गणिताचा शिक्षक तराजू घेऊन गेला. हे सगळे लेख १९८१ मध्ये 'इंडियन न्यूमिस्मॅटिक्स' या नावाने एकत्र निघाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले तर वाचाच.

आणि तरीही माझ्या शंका

इथे बरेच विद्यार्थी थांबतात. मोठ्या माणसाचं काम आहे म्हणून मान डोलावतात. पण कोसंबी स्वतः कुणाचं काम तपासल्याशिवाय मान्य करत नसत, तेव्हा आपणही तपासू.

पहिली शंका सुरुवातीच्या वजनाची. चालू नाणी यंत्रावर पाडलेली, एका मापाची. आहत नाणी पत्रा कापून, कोपरे छाटून वजनात बसवलेली. जन्मतःच त्यांच्या वजनांत जास्त फरक असणार. जे नातं यंत्राच्या नाण्यांवर मोजलं ते कापलेल्या नाण्यांना तसंच लावायचं का? सरासरीपुरतं कदाचित चालेल. पण पसाऱ्यावरून काही म्हणायचं तर मूळचा पसारा किती आणि झिजेचा किती हे आधी वेगळं करावं लागेल.

दुसरी शंका नमुन्याच्या आकाराची. खुणा वाढतात तशी त्या गटातली नाणी कमी होत जातात. सरासरीतली अनिश्चितता नाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येते. शंभर नाण्यांच्या गटाची सरासरी जितकी भरवशाची, तिच्यापेक्षा चार नाण्यांच्या गटाची पाचपट डळमळीत. म्हणून आलेख वाचताना त्याच्या शेपटीवर कमी विश्वास ठेवा. रेषेचं टोक कुठे जातंय यावर लगेच सिद्धान्त रचू नका.

तिसरी शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खुणा आणि वजन यांचं नातं दिसलं, मान्य. पण खूण म्हणजे काळ, हे त्यातून निघतं का? दुसरी शक्यता घ्या. खूण म्हणजे सराफाचा हात. नाणं ज्या ज्या पेढीवर गेलं तिथे पारखून खूण केली. जास्त फिरलेलं नाणं जास्त पेढ्यांवर जाणार आणि जास्त झिजणारही. मग खुणा वाढल्या की वजन उतरणारच, ठरावीक कालांतर असो वा नसो. दोन्ही गृहीतकं एकच रेषा देतात. जी विदा दोन्ही गृहीतकांना सारखीच जुळते ती त्यांच्यात निवाडा करू शकत नाही. निवाड्यासाठी वेगळं काहीतरी लागेल. उदाहरणार्थ, वेगवेगळ्या ठिकाणच्या साठ्यांत त्याच खुणा त्याच क्रमाने येतात का, हे बघावं लागेल.

यामुळे कोसंबींचं काम मोडीत निघतं का? अजिबात नाही. ज्याचं मोजमाप उघड आहे त्याच्यावरच अशी शंका घेता येते. व्हिडिओवाल्यावर मला तिसरी शंका घेताच आली नाही, कारण तिथे मोजलेलं काहीच नव्हतं. चांगल्या संशोधनाची माझी खूण हीच: ते कुठे चुकू शकतं ते त्याच्याच पानांवर सापडतं.

एकटं नाणं आणि साठा

आता या सगळ्यात पणाला काय आहे ते सांगते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा ठोकलेली. सातवाहनांनी नहपानाला हरवलं याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा क्वचितच असेल. पण तो पुरावा कुठल्याही एका नाण्यात पुरता नाही. नऊ हजारांवर ठोकलं आणि बाकीच्यांवर नाही, हे प्रमाण हाच पुरावा. ही नाणी मोजण्याआधीच एकेक करून विकली गेली असती तर प्रत्येक संग्राहकाकडे एक सुंदर नाणं असतं आणि इतिहासातला एक आकडा कायमचा गेला असता.

म्हणून शेत नांगरताना मडकं निघालं आणि रातोरात वाटलं गेलं, की माझ्या पोटात कालवतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो. लोक कळवत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळंच जाईल. भीती समजण्यासारखी आहे. पण तो बाजारही बघा: एकट्या, चकचकीत नाण्याला भाव, आणि साठ्याला साठा म्हणून कुणी विचारत नाही. बाजाराची किंमत आणि माहितीची किंमत इथे विरुद्ध दिशेला ओढतात.

हे मी फार वरून बोलत नाही. आजीचे ते अकरा रुपये मी बारावीत असताना काळे पडले म्हणून लिंबू आणि दंतमंजनाने घासून लख्ख केले होते. आजी म्हणाली होती, "राहू दे गं, हात लागून लागून तसे झालेत." मला वाटलं, तिला काय कळतं. आता कळतंय की काळपटपणाबरोबर मी चांदीचा थरही उतरवला. आज ते रुपये तोलले तर कमी झालेलं वजन लोकांच्या हातांनी गेलं की माझ्या दंतमंजनाने, हे वेगळं सांगता येणार नाही. संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत उतरली, कोसंबींच्या तराजूसाठीही ते निकामी झाले. दोन्हीकडून बट्टा. हा शब्दही नाण्यांच्या बाजारातलाच: हिणकस किंवा झिजलेलं नाणं बदलून घेताना सराफ कापून घेई तो बट्टा.

तुम्ही काय कराल

एक सोपा प्रयोग सांगते. घरातल्या डब्यातून स्टीलची एक रुपयाची नाणी गोळा करा. १९९२ पासून २००४ पर्यंतची, २५ मिलिमीटर व्यासाची घ्या. त्यांचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम. घासू नका, धुऊ नका. प्रत्येक सालाची निदान वीस मिळवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संवेदनशील तराजूवर तोला. सालवार सरासरी काढा, प्रचरण काढा, आलेख मांडा. स्टील चांदीपेक्षा कठीण, त्यामुळे उतार फार कमी दिसेल, कदाचित दिसणारही नाही. नाही दिसला तर तेच लिहा. उतार नाही दिसला म्हणजे झीज नाही, की आपल्या तराजूला ती कळत नाही? या एका प्रश्नावर तुमचा मार्गदर्शक अर्धा तास बोलेल.

काकांना मी शेवटी एवढंच सांगितलं की हालीतल्या ९ ग्रॅम चांदीचा त्या दिवशीचा सराफ्यातला भाव काढा, ती त्याची खालची किंमत. वरचं काही मिळालंच तर नाणं हातात घेऊन, समोर बसून, पारखून घेणाऱ्याकडूनच घ्या, आणि आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यांनी हिशोब केला. अकराही रुपयांची चांदी मोडली तरी बोअरच्या खर्चाच्या जवळपास जात नव्हती. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग राहू दे आईची आठवण."

गाठोडं परत कपाटात गेलं. या वेळी प्रत्येक रुपया वेगळ्या कागदात गुंडाळला आहे, आणि कागदावर मी साल, वजन आणि एक ओळ लिहिली आहे: 'बारावीत घासलेला. वजनावर विश्वास ठेवू नये.'